रविवारची खिचडी कोण वाढतं

जाळीपलीकडच्या फादरसमोर मी कितीदा तरी गुडघे टेकले. आईला उलट बोलले, उपवासकाळातल्या शुक्रवारी मटण खाल्लं — सगळं सांगितलं. हे एक सोडून. आज तुम्हाला सांगते आहे. का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

आधी एवढं सांगते की माझं बरं चाललं आहे. बाप मार्केट यार्डात हमाल, आणि मी आमच्या घरातली पहिली बी.कॉम. — त्याचा मला ताठा आहे, लपवत नाही. नोकरी आहे, दोन खोल्या आहेत. आणि दर रविवारी मिस्सा संपला की धुळ्यातल्या आमच्या चर्चच्या आवारात मी पोरांना खिचडी वाढते. त्या तासाइतकं सुख मला अख्ख्या आठवड्यात दुसरं नाही.

ही पोरं कोणाची? आमच्याकडे वाळूवरून टोळ्या भांडतात. तलवारी निघतात, माणसं जातात, पोरं उरतात. मग चर्चला येणारी घरं त्यांना वाटून घेतात, आणि रविवारी सगळी एका पंगतीला. पोर ख्रिस्ती आहे का, हे कोणी विचारत नाही. आणि कोणाच्या बापानं काय केलं, हे पोरांना सांगायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण कोणी मोडलाही नव्हता.

मी बारा-तेरा वर्षांची असेन. रीटा आमच्या घरी राहायला आली, अलका शेजारच्या घरी. आई दोघींनाही नव्हती. अलकाच्या बापानं रीटाच्या बापाला मारलं होतं, मग त्यालाही कोणी मारलं. सगळ्या वस्तीला माहीत. त्या दोघींना नाही. दोघी एका ताटात जेवायच्या.

आणि मी? रीटा माझ्या गादीवर झोपायची, माझ्या रिबिनी लावायची — आणि गुपितं मात्र अलकाला सांगायची. एका रविवारी मी ताट घेऊन त्यांच्याजवळ गेले, तर दोघी हसत हसत पलीकडे सरकल्या. मलाच हसल्या का? तेही नक्की नाही. संध्याकाळी नळावर मी रीटाला म्हणाले — तुझ्या बापाला अलकाच्याच बापानं मारलं.

रागात तोंडून गेलं, असं म्हणता आलं असतं. नाही. मी दुपारभर ते वाक्य मनात जुळवत होते.

पुढच्या रविवारी रीटानं ताट वेगळं घेतलं. अलका भिंतीकडे तोंड करून बसली. कोणीतरी बोललं, हे सगळ्यांना कळलं. कोण? तेव्हा खिचडी नाना वाढायचे. चर्चची घंटा वाजवणारे, भलते बडबडे, प्रत्येक पोराला टोपणनाव ठेवणारे. सगळे त्यांच्याकडेच बघायला लागले.

"नाना, तुमना तोंडले कुलूप कधी व्हतं?" हे माझी आईच म्हणाली.

"अक्का, मी पोरीसले काहीच सांगेल नही."

मी आईच्या शेजारी उभी होते. फादरनी रीटालाही विचारलं. रात्री झोपायला तिला आमच्याच घरी यायचं होतं — ती कोणाचं नाव घेणार होती?

नानांच्या हातातला डाव काढून आईकडे दिला. पुढे आईचे गुडघे गेले, आणि तो माझ्याकडे आला.

रीटा आणि अलकाचं पुन्हा जुळलं. आपलं आपण, कोणी न जुळवता. रीटाला नशिराबादला दिली. लग्नात दोघी एकाच ताटात जेवल्या, ते मी पाहिलं आणि पोटभर आनंद झाला. खरंच झाला. रीटानं आजवर माझं नाव घेतलेलं नाही.

नाना अजून येतात. हात थरथरतात, म्हणून पोरांच्या पंगतीतच बसतात. लोक माझं कौतुक करतात — एवढी शिकली, तरी वाढायला येते. नानाही मान डोलावतात. परवा ताटावर हात आडवा धरून म्हणाले, "बस व माय, पोरेसले ऱ्हाऊ दे."

मी पुढच्या ताटात वाढलं.

रीटाला सांगितलं ते मी. नानांनी नाही.