समुद्रात गेलेल्या विहिरी

मुलांनो, तारापूरच्या जुन्या विहिरी एकेक करून बुजताहेत, म्हणून त्यांचा नकाशा तुमच्यासाठी आत्ताच करतेय. शेजारचे नाखवा बोटीवरचं जीपीएस घेऊन प्रत्येक विहिरीवर गेले. आधी ओंजळभर पाणी पिणार, मगच मला यंत्रावरचा जागेचा आकडा सांगणार, ही त्यांची पद्धत. मी त्या आकड्यांचा तक्ता संगणकात चढवला, तर सगळे ठिपके भर समुद्रात! त्यांचं यंत्र जागा अंश-मिनिटांत दाखवतं, साठ मिनिटांचा एक अंश; ती मिनिटं मी दशांश समजून भरली होती.

"बाई, गोडं पानी खाऱ्यात घातलं तुमी!" नाखवा खदखदून हसले.

दुरुस्तीनंतर ठिपके गावात आले. त्यांनी स्वतःच्या अंगणातल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. हसू गेलं होतं.

"ही पुसा. न पिताच आकडा सांगितला मी. घर वाढवताना मीच बुजवलीय."

मी पुसली. बाकीच्या सात विहिरींना आजही पाणी आहे.