चाकाखालचं पाणी

चांद्याच्या वाचनालयातल्या दोस्तांनो, हे भित्तिपत्रकावर आजच लावा.

कॉलेज अर्धवट सोडून मी पोंभुर्ण्याकडच्या या खेड्यात शिकवतोय, ते कमलसाठी. तुमच्यापासून काय लपवायचं?

आज सकाळी तलावाचं पाणी जिथून शेतात सुटतं, तिथे मी पोरांसमोर लाकडी चाक बसवलं आणि त्याला सायकलचा डायनॅमो जोडला. अंधार हवा म्हणून सगळ्यांनी घोंगडीखाली डोकी घातली. बल्ब लागला! पोरं किंचाळलीच.

तेवढ्यात गावातले शेतकरी शिवरामभाऊ आले. "मास्तर, चाक काढा. पाण्यातली बिजली तुमी काढून घेतली, मंग आमच्या धानाले काय रायते? चोथा?"

लोक आपापली पोरं ओढून नेऊ लागले. माझं डोकं फिरलं. चाकाखालचं पाणी ओंजळीने प्यायलो. "भाऊ, फक्त पाण्याचा जोर वापरला. पाणी होतं तसंच आहे!"

"तुमी पेले, मास्तर. धान कुठी पेलं?"

सगळे हसले. मी रागाने चाक उपटायला वाकलो, तर बांधावरून कमल म्हणाली, "राहू द्या. ते पाणी आमच्या पऱ्ह्यात सोडा."

पऱ्हं म्हणजे धानाची, भाताची रोपं. तीच गेली तर तिच्या घरी वर्षभर खायचं काय?

"तुया बाप काय म्हनंल?" भाऊंनी विचारलं.

"बाबाले मी पाहून घेईन. पऱ्हं पिवळं पडलं, त मास्तरले हाकला."

पाणी तिच्या वाफ्यात शिरलं. पोरं परत चाकाभोवती जमली.

पऱ्हं हिरवंच राहणार, याची मला खात्री आहे. पण दोस्तांनो, मागणी आत्ताच घालू, की शेतात पऱ्ह्याची रोवणी, म्हणजे लावणी, होईपर्यंत थांबू? आयुष्यात पहिल्यांदाच थांबावंसं वाटतंय.