अख्ख्या घराच्या नावाचा फोन

आमच्या शिरड शहापुरात लग्नपत्रिकेचा मजकूर किसनरावांनीच लिहायचा. मामा, मावश्या, चुलत आत्या, झाडून सगळे त्यात बसवणार. एक नाव राहिलं तर मांडवात रुसवा ठरलेला, हे त्यांना पक्कं ठाऊक.

घरात पहिला चांगला फोन आला तेव्हा त्याला नाव कोणाचं द्यायचं यावरून नातवंडांत जुंपली. किसनरावांनी पत्रिकेचाच न्याय लावला. पत्नी मिराबाई, लेक, सुना, आठही नातवंडं, अख्खं घर त्यांनी फोनच्या ब्लूटूथच्या नावात मराठीत लिहून टाकलं. "आता कोणी फुगून बसायचं न्हाई," म्हणाले.

मग वाचनालयात तीन लॅपटॉप आले आणि नांदेडला शिकून आलेली साक्षी गावाला संगणक शिकवू लागली. पासष्टीचे किसनराव पहिल्याच दिवशी हजर. पण ते खुर्चीत टेकले की तिन्ही लॅपटॉप बंद! तीन दिवस हेच. ग्रंथपाल कोंडीबा म्हणाला, "आबा, तुमचा पायगुणच वाईट. उद्यापासून येऊ नका." शिकायला आलेले आम्ही सगळे हसलो. मीही हसलो, आणि त्याची मला अजून लाज वाटते. किसनराव चपला घालून निघून गेले.

साक्षीला पायगुण वगैरे काही पटेना. तिने त्यांचा फोन तेवढा मागून आणला. किसनराव घरी, तरी लॅपटॉप बंद! मग तिला उलगडा झाला. बिनतारी माउससाठी लॅपटॉप आसपासची उपकरणं शोधायचे आणि सापडेल त्याचं नाव मेमरीत लिहून घ्यायचे. त्यासाठी राखलेली जागा थोडी, आणि हे नाव भलतंच लांब. लांबी मोजून बघायची सोयच नव्हती. बांध फुटून पाणी शेजारच्या हळदीत शिरावं तसं ते नाव दुसऱ्याच कामाच्या जागेवर लिहिलं जाई, आणि यंत्र कोलमडे. तिने ही चूक लॅपटॉपची प्रणाली बनवणाऱ्यांना कळवली. उत्तर आलं, चूक गंभीर आहे, मुद्दाम असं नाव ठेवून कोणी यंत्रात शिरूही शकेल; दुरुस्ती होईपर्यंत बोभाटा नको.

"तोवर नाव आखूड करा आबा, न्हाईतर फोन घरी ठेवून या," साक्षीने फक्त किसनरावांना सगळं समजावून सुचवलं.

"कोणाचं नाव खोडू, सांग बरं? अन् फोनबिगर आलो तर कोंडीबा म्हणंल, आज पायगुण बरा हाय. यंत्र दुरुस्त होऊ दे, मग ताठ मानेनं येतो."

दोन महिने ते वाचनालयासमोरून जाणंही टाळत राहिले.

गेल्या सोमवारी दुरुस्ती आली. साक्षीने तिन्ही लॅपटॉप अपडेट केले आणि कोंडीबाला सगळं समजावलं. तो उठून स्वतः किसनरावांना आणायला गेला.

किसनराव फोन हातात धरून आत आले. आम्ही श्वास रोखून लॅपटॉपकडे बघत होतो. एक मिनिट गेलं, दोन गेली. तिन्ही चालू! आम्ही टाळ्यांचा कडकडाट केला.

"चुकलं माझं, आबा. बसा," कोंडीबाने खुर्ची पुढे केली.

किसनरावांचे डोळे भरून आले. "पोरीनं समजावलं व्हतं, तरी बी रोज वाटायचं, आपल्यातच काही खोट हाय का काय." मग डोळे पुसून, हसत, त्यांनी एका बोटाने पहिली कळ दाबली.