खाली उतरवलेले डबे

आईने फिजिओथेरपिस्टला सांगायला सांगितलेली गोष्ट मी सांगितली नाही. आईला इंग्रजी येत नाही, मधला दुभाष्या मीच होतो.

ती ओटावाला माझ्याकडे आली तेव्हा तिचा उजवा खांदा आखडलेला होता. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, दोन्ही हातांत काठी धरून उचलायची, असे व्यायाम तिला दिले होते. मी मात्र तिला त्रास नको म्हणून किचनमधल्या वरच्या कपाटातले डबे खाली आणून ठेवले, पोळ्या फ्रोझन आणू लागलो. आईला कॅनडात बोलावून कामाला जुंपलं, असं इथल्या आपल्या लोकांनी म्हणू नये, हेही मनात होतंच. मी ऑफिसला गेलो की ती खिडकीशी बसून बर्फ बघत राही. एकटीने भिंतीशी उभं राहायचा तिला कंटाळा येई.

घरी हात कितपत वापरता, असं एकदा फिजिओथेरपिस्टने विचारलं. आई मला म्हणाली, "तिला म्हणावं, माझ्या मुलाला सांग, आईला पोळ्या लाटू दे. नुसतं बसून हात काय, माणूससुद्धा आखडतो."

"व्यायाम करते, बरं वाटतंय म्हणते," असं मी इंग्रजीत सांगून टाकलं.

आई नागपूरला परतली तेव्हाही तिचा हात डोक्यामागे जात नव्हता.

यंदा माझाच खुबा दुखायला लागला. त्याच क्लिनिकमध्ये गेलो. दुखतं म्हणून मी चालणं सोडलं होतं. तीच फिजिओथेरपिस्ट म्हणाली, बेताने का होईना, सांधा वापरायलाच हवा. मग तिने आईची चौकशी केली. घरातलं एखादं आवडीचं काम कळलं असतं तर तेच व्यायामात धरलं असतं, म्हणाली. मी बुटांच्या नाड्या बांधत राहिलो.

संध्याकाळी किचनच्या जमिनीवर आडवा पडून पाय उचलत होतो. खालच्या कपाटात डबे अजून तसेच होते. फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती. उठून आईला फोन लावला. तिकडे सकाळ झाली होती. वेणी घालता येते का, विचारलं.

"शेजारची घालून देते. तू जेवलास का?"

"आई, तू पोळ्यांचं म्हणाली होतीस, ते मी तिला सांगितलंच नाही. माझं चुकलं. मला माफ कर."