उद्घाटनाआधी हात लावू नये

ऊन कलायला लागलं की आमच्या वाचनालयाच्या माडीवरून एक आवाज येऊ लागे. वाळल्या पाचोळ्यातून सरडा थांबत थांबत जावा, तसा कुरकुरता. पाथर्डीच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. पावसाळ्यात इथे पाऊस बेताचा आणि वारा उदंड. तो वारा माडीच्या फुटक्या तावदानातून आत शिरे आणि तिथे ओळीने मांडलेल्या नव्या कॉम्प्युटरांवरची प्लॅस्टिकची आवरणं चाळवून जाई. खाली मी वर्तमानपत्र वाचत बसलेला असे. आषाढ गेला, श्रावण गेला, भाद्रपद निम्मा सरला, तरी वरचं प्लॅस्टिक आपलं बोलतच होतं. निवृत्त मास्तराला वाचताना व्यत्यय सोसत नाही हे खरं. पण त्या आवाजाने मला जो संताप येई त्याचं कारण व्यत्यय नव्हतं. वस्तू तयार, शिकवणारी तयार, शिकणाऱ्या बायका तयार, आणि जिन्याच्या दाराला कुलूप! अशा वेळी साधं प्लॅस्टिक वाजलं तरी कुणीतरी आपल्याला हसत आहे असं वाटतं.

प्रौढांसाठी संध्याकाळचा संगणक वर्ग, अशी दवंडी संस्थेच्या अध्यक्षांनी आषाढातच पिटली होती. सारं गाव त्यांना आबा म्हणतं. माणूस वाईट नाही. कुणाच्या दारात मयत झाली तर सर्वांत आधी पोहोचणारा. पण नवी वस्तू दिसली की तिच्या आधी त्यांना तिची फीत दिसते. वर्ग सुरू का करत नाही, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे लहान मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. म्हणाले, "सर, उद्घाटनाआधी हात लावला तर ते जुनं झालं की!"

या वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. झाकून ठेवण्याची आपल्याला मुळातच हौस. टीव्हीच्या रिमोटला पिशवी, ट्रॅक्टरच्या गादीला प्लॅस्टिक, आलेल्या पाहुण्यांसाठी कपाटात कप, आणि आमच्याच वाचनालयात काचेआड कुलूपबंद असलेले ते जाडजूड खंड, ज्यांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. गरिबाच्या घरातलं आवरण मला कधी खटकलं नाही. ज्याच्या घरी नवी वस्तू वर्षानुवर्षं येत नाही, त्याने ती जपली तर त्यात तिचा मान असतो. पण संस्थेचं आवरण निराळं. ते वस्तूला धुळीपासून राखत नाही. ते तिला लोकांपासून राखतं. आणि कुणासाठी राखतं? जो ती कधीच वापरणार नाही अशा एका माणसाच्या एका बोटासाठी!

ते बोट ज्यांचं, त्या उद्घाटक साहेबांना सवड होईना. पहिल्या तारखेला त्यांना मुंबईहून बोलावणं आलं. दुसऱ्या तारखेला त्यांच्या पक्षातलं कुणी मोठं माणूस गेलं. तिसऱ्या वेळी सगळं जमून आलं होतं, मांडवसुद्धा पडला होता. तेवढ्यात साहेबांना नवं पद मिळालं आणि भिंतीत बसवलेल्या कोनशिलेवरचं जुनं पद खोटं ठरलं. नवी संगमरवरी पाटी कोरून येईपर्यंत थांबणं आलं. ज्ञानाची ही गंगा एका विशेषणासाठी अडली, आणि गावात कुणाला त्यात काही वावगंही वाटलं नाही. मीही आबांशी दोनदा भांडलो. दोन्ही वेळा त्यांनी मला चहा पाजला.

मात्र एका बाईला थांबायला वेळ नव्हता. तिचं नाव कुशिवर्ता. सातवी शिकलेली, चाळिशीच्या अलीकडची, बोलण्यात तिखट. आमच्या गावातली निम्मी घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, तशी ती नवऱ्याबरोबर दर हंगामाला जायची. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाईला वेगळं मोजायची पद्धत नाही. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला टेकवलेल्या अरुंद फळीवरून वर चढते. मागच्या हंगामात दंवाने ओली झालेली फळी तिच्या पायाखालून सरकली. ती उठली, चालायला लागली, पण कंबर जी धरली ती धरलीच. गावच्या दूध संकलन केंद्रावर कॉम्प्युटरवर लिटर आणि फॅट नोंदवायला माणूस हवा होता. केंद्रचालकाने तिला सांगितलं होतं की दसऱ्यापर्यंत शीक, म्हणजे तुला घेतो. त्याच्यापुढे आपल्याला थांबता येणार नाही, असंही तो म्हणाला होता. नवऱ्याचीही ना नव्हती. तिच्या जागी धाकटा दीर जायला राजी होता. म्हणजे ती पुन्हा त्या फळीवर चढणार की नाही, हे साहेबांच्या डायरीवर अवलंबून होतं, आणि साहेबांना ती या जगात आहे हेही ठाऊक नव्हतं.

वर्गाला शिकवायला नेमलेली वर्षा नेवाशाची लेक, पाथर्डीला दिलेली. रोज स्कूटरवरून यायची, कुलूप बघायची, परत जायची. एके दिवशी तिने स्कूटर मारुतीच्या देवळाकडे वळवली आणि सभामंडपाच्या फरशीवर रांगोळीने कीबोर्ड काढला. एकेक बटण वीतभर. बायका भोवती मांडी घालून बसल्या. वर्षा अक्षर पुकारायची आणि ज्या त्या बाईने झुकून त्यावर बोट टेकवायचं. दूरचं अक्षर आलं की एखादी पार आडवी व्हायची आणि बाकीच्या तिला नावं ठेवायच्या. आमच्या वाऱ्याने रात्रीतून ती रांगोळी साफ व्हायची, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायची. काही दिवसांनी वर्षाच्या आधी येऊन कुशिवर्ताच ती काढू लागली. न बघता, कुठल्या अक्षराशेजारी कुठलं, ओळ कुठे सरकते, सगळं बरोबर. पुसणाऱ्या वाऱ्याने तिला जेवढं शिकवलं तेवढं माडीवरच्या कुलपाने सबंध गावाला शिकवलं नाही. आणि रांगोळी कोरी ठेवू नये म्हणून शेवटी ती एका बटणावर हळदकुंकवाची चिमूट टाकायची. एंटरच्या. वर्षाने कारण विचारलं तर म्हणाली, "मॅडम, समदं लिहून झाल्यावर ह्यालाच नमस्कार करायचा अस्तो ना?"

मी देवळाच्या पायरीवर बसून हे बघायचो. नेवाशाला एका खांबाशी बसून केवढं थोर ज्ञान लोकांच्या बोलीत सांगितलं गेलं, हे आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. त्या खांबाला कुणी फीत बांधली होती का हो? आधी पदसिद्ध हस्ते अनावरण, मग निरूपण, असा काही क्रम होता का? जमिनीवर मांडी घालून बसलेल्यांपर्यंत विद्या पोचली ती जमिनीवरूनच. व्यासपीठ आलं तशी ती दोन पायऱ्या वर गेली.

उद्घाटन झालं. दसरा उलटून गेल्यावर, आणि नेमकं ज्या दिवशी ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर निघायचा त्या दिवशी! केंद्रचालकाने सांगितल्याप्रमाणे दसऱ्यापर्यंत वाट पाहिली होती. नंतर त्याने आबांच्या भाच्याला ठेवून घेतलं. त्यात त्याचा दोष काढायला मी तयार नाही. दूध थांबत नाही.

सकाळी आबांनी बायकांना दारात रांगोळी काढायला सांगितली. बायकांनी, त्यांना जी येत होती ती, कीबोर्डाचीच काढली; या वेळी रंग भरून, सुंदर. आबा येऊन बघतात तर दारात नुसते चौकोन. "हे काय फरश्या मांडल्यात? मोर काढा की," ते म्हणाले. चौकोन पुसले गेले आणि मोर आला. मोरावरून साहेबांबरोबरची माणसं चालत गेली. टोळीचं निघणं साहेबांसाठी अडवून ठेवलं होतं, कारण मंडप भरायला माणसं हवी होती. तेव्हा गाठोडी, भांडी, कोयते ट्रॉलीत आणि माणसं खुर्च्यांवर, असं ते दृश्य होतं. साहेबांनी फीत कापली, माळ घातलेल्या कॉम्प्युटरचं एक बटण दाबलं आणि जे लोक त्याच दुपारी सहा महिन्यांसाठी गाव सोडून चालले होते त्यांना बजावून सांगितलं की उद्यापासून जग तुमच्या मुठीत आहे. टाळ्या वाजल्या. आपल्याकडे वाजतात.

मंडळी जेवायला उठली तेव्हा जिन्याचं दार पहिल्यांदाच उघडं राहिलं होतं. वर्षाने कुशिवर्ताला हाताला धरून वर नेलं. मी मागून गेलो. साहेबांनी सुरू केलेला तो एक कॉम्प्युटर अजून चालू होता, प्लॅस्टिक त्याच्या मानेपर्यंत सरकवलेलं, कीबोर्ड मात्र आवरणातच. कुशिवर्ताने वाकून तो कीबोर्ड बघितला. मग तोंडाला पदर लावून हसत सुटली.

"येवढंच हाय व्हय गं? आन मी आपली ढेंगा टाकीत बसले!"

खुर्चीवर तिला जमेना. तिने कीबोर्ड वायरीसकट खाली फरशीवर घेतला, मांडी घातली आणि प्लॅस्टिकवरूनच आपलं नाव लिहायला लागली. अक्षरांच्या जागा तिला अचूक ठाऊक होत्या. पण वितीवितीने जाणारा हात बोटभर अंतरात मावत नव्हता. एक दाबायला जावं तर शेजारचं दबे. पडद्यावर तिचं नाव उमटलं ते अडखळत, मध्येच दुप्पट होत, मध्येच भलत्या अक्षराला धडकत. तिने पहिल्या बोटापासून शेवटच्या बोटापर्यंत पंजा पसरून कीबोर्डावर ठेवला, आधी आडवा, मग उभा. मला वाटलं, निरोप घेते आहे. खालून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. तिने कीबोर्ड उचलून टेबलावर ठेवला, प्लॅस्टिक नीट केलं आणि जिना उतरून गेली. उतरताना एका हाताने कठडा धरलेला, दुसरा कमरेवर.

त्या हिवाळ्यात वर्ग भरला. भरला म्हणजे ज्यांना आधीच येत होतं असे चारजण येऊन बसत. फोटोसाठी त्यांना तिरकं बसवण्यात आलं. आवरणं काढली नाहीत. पुढच्या भेटीला कुणी मोठं आलं तर नवं दिसावं, असा आबांचा हिशेब. वारा थंड झाला होता, प्लॅस्टिक आता कडक वाजायचं. पौषात एकदा वर्षाने मला तिच्या मोबाईलवर आलेलं छायाचित्र दाखवलं. दूर कुठल्याशा कारखान्याच्या तळावर, उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीपुढे सारवलेली जमीन, आणि तिच्यावर राखेने काढलेला कीबोर्ड. एंटरवर कुंकू होतंच. पण या वेळी तो सभामंडपातला ऐसपैस कीबोर्ड नव्हता. एवढासा होता, खऱ्या मापाचा. तेव्हा मला त्या पसरलेल्या पंजाचा अर्थ कळला. ती निरोप घेत नव्हती. माप घेत होती.

आपल्याकडे विकासाची मोजमापं पुष्कळ आहेत. मला आता एकच कळतं. त्या दिवशी कापलेली लाल रेशमी फीत हातभर लांब होती असं म्हणतात. खोटं आहे. ती एका बाईच्या एका हंगामाएवढी लांब होती. पहाटेच्या दंवात ट्रकला लावलेल्या सगळ्या फळ्या एकापुढे एक ठेवल्या तर होईल तेवढी. कोनशिलेवर हे कोरायला जागा उरली नाही, एवढंच.

टोळी परतली ती चैत्र संपता संपता. दुसऱ्याच संध्याकाळी मी खाली वाचत होतो आणि वरून टर्रकन फाटल्याचा आवाज आला. मग पुन्हा एक. शेजारी बसलेले आबा माझ्या आधी जिना चढले. वर कुशिवर्ता एकेका कॉम्प्युटरचं आवरण दातांनी टोक तोडून फाडत होती, आणि वर्षा खिडकीकडे तोंड करून उभी होती, जणू तिला बाहेर काही महत्त्वाचं दिसत होतं.

"अगं, ऱ्हाऊ द्यायचं," आबा म्हणाले. "नवं दिसतंय."

"नवं कुनासाठी ठिवायचं, आबा?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. कडब्याच्या पेंढ्या कुठे रचायच्या, असं विचारावं तसं तिने विचारलं. आबांनी खाली पडलेलं एक फाटकं आवरण उचलून झटकलं. मग म्हणाले, "बरं, मग नीट घडी करून ठेव." हे ऐकून मला त्यांच्याबद्दल जो काही राग होता तो क्षणभर कुठे ठेवावा हेच कळेना.

आता पुन्हा भाद्रपद आला आहे. दूध केंद्रावर आबांचा भाचा संध्याकाळी असतो. पहाटेच्या दुधाला तो उठत नाही. पहाटे उठण्याची सवय कुणाला आहे हे केंद्रचालकाला उशिरा का होईना सुचलं. टोळी ठरवायला मुकादम येऊन गेला, तेव्हा कुशिवर्ताने त्याला उंबऱ्यातूनच सांगितलं की यंदा कोयत्यावर दीर येईल, मला धरू नका.

वाचनालयाच्या माडीवर संध्याकाळी आता टकटक चालते. काही कीबोर्ड टेबलांवर असतात, काही फरशीवर. मी वाचन आटोपून घरी निघतो तेव्हा वाटेत कुशिवर्ताचं घर लागतं. तिने त्या आवरणांची घडी घातली नाही. ती जोडून कडब्याच्या गंजीवर टाकली आणि वर दगड ठेवले. वारा सुटला की तिथून तोच कुरकुरता आवाज येतो. मी थांबून ऐकतो. आता त्या प्लॅस्टिकखाली जनावरांचा वर्षाचा चारा कोरडा राहतो. झाकायचं ते झाकायला प्लॅस्टिक चांगलंच आहे. माझं भांडण त्याच्याशी कधी नव्हतंच.