दुसरा संसार, दहा मिनिटं

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी आमच्या सरांनी प्रत्येकाला चिठ्ठीवर एक विषय लिहून दिला. दहा मिनिटं वर्गासमोर बोलायचं, दहा गुण. माझ्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती. आधीच्या वेळी मी फळ्यापाशी उभी राहिले, "नमस्कार" म्हणाले आणि जागेवर येऊन बसले. सर म्हणाले होते, या वेळी बोलली नाहीस तर शून्य, आणि शून्य म्हणजे नापास. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. नापास झाल्यावर काय करतात, हेही विचारायला कुणी नव्हतं.

सरांना शुद्ध हिंदीचा सोस. माझ्या चिठ्ठीवर होतं, 'दूसरे संसार में मनुष्य कैसे जिएगा'. म्हणजे पृथ्वी सोडून दुसऱ्या ग्रहावर. कॉलेजात मी हिंदीतच विचार करते, त्यामुळे मला त्यात काही खटकलं नाही. आम्ही राहतो तो मुलूख हिंदी बोलणारा; मराठी आम्ही फक्त घरी बोलतो, वैशाली नगरातल्या दोन खोल्यांत, आणि घोटाळा तिथेच झाला.

त्या रविवारी गोंदियाहून आत्या आली होती. बाबांची मोठी बहीण; बाबाही तिला वचकून असतात. ती भाजी निवडत होती, आई पोळ्या लाटत होती. दोघींना समजावं म्हणून मी सराव मराठीत सुरू केला. "माझा विषय आहे, दुसरा संसार."

आत्याचा हात थांबला. "कोणाचा?"

"माणसाचा. दुसऱ्या संसारात माणूस कसा जगेल, काय काय अडचणी येतील, ते."

आत्याने बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. तिथे बाबा बनियनवर पेपर वाचत होते. बाबा रेल्वेत ट्रॅकमन आहेत. पंधरा दिवसांपासून त्यांची ड्यूटी रसमडा स्टेशनाकडे होती आणि घरी यायला उशीर होत होता.

"कावून रे, रसमड्याले काय करून राहिला तू?"

"रूळ बदलून राहिलो," बाबा पेपरातूनच म्हणाले.

"रूळ बदलून राहिलो म्हणते! पोरगी कॉलेजात भाषण देऊन राहिली त्याच्यावर, अन् हा पेपर वाचते!" मग आईकडे वळून, "अन् तू चूप कावून बसली?"

आई पोळी उलटत म्हणाली, "बाई, मले तर हा पहिलाच झेपून नाही राहिला."

मला वाटलं, आत्याला विषय आवडला. मी उत्साहाने पुढे गेले. "तिथं हवा नाही, पाणी नाही. पहिल्यांदा चौघंच जातील. बाबाच्या वयाचे तर घेतच नाहीत."

"मंग याले कोणी घेतलं?" आत्या ओरडली.

बाबांनी पेपर खाली ठेवला. "कुठं घेतलं मले?"

"मंगळावर," मी म्हणाले.

सगळा उलगडा होईपर्यंत चहा झाला. हिंदीतला संसार म्हणजे जग, हे बाबांनीच आत्याला समजावलं, तेही दोनदा. आत्याने माफी वगैरे मागितली नाही. "पंधरा दिवस उशिरा आल्यावर कोणालेही वाटन," एवढंच म्हणाली.

पण जग म्हटलं तरी त्या दोघी संसारच धरून बसल्या. आईने विचारलं, "पीठ किती दिवसाचं न्यायचं?" मी सांगितलं, जाऊन यायला दोन-अडीच वर्षं लागतील. "मंग पिठात किडे होतील. गहू न्या म्हणा, दळण तिथंच करा." आत्याला भांडी कशाने घासतात ते हवं होतं. मी सांगितलं की पाणी तेच तेच शुद्ध करून वापरायचं, लघवीचंसुद्धा. आत्याने हातातल्या कपाकडे पाहिलं आणि तो हळूच खाली ठेवला.

"अन् चौघांत भांडण झालं तर?" आई म्हणाली. "रुसून जायचं कुठं? बाहेर तर हवा नाही म्हणतेस."

माझ्या वहीत मंगळाचं तापमान होतं, किरणोत्सर्ग होता. रुसायची जागा नव्हती. मी त्यांचे सगळे प्रश्न शेवटच्या पानावर लिहून घेतले.

बुधवारी मी फळ्यापाशी उभी राहिले, "नमस्कार" म्हणाले, आणि तापमान विसरले. पानं उलटताना वही शेवटच्या पानावर उघडली. तिथे जे दिसलं तेच हिंदीत बोलले, "आटे में कीड़े लग जाएँगे."

वर्ग हसला. मला वाटलं, संपलं. पण मागच्या बाकावरून एकाने विचारलं, तिथे वजन कमी भरतं, मग दळताना पीठ उडणार नाही का? मी म्हणाले, उडेल, म्हणून गिरणीला झाकण हवं. मग दुसरीने विचारलं, मग तिसऱ्याने. रुसण्याचं आलं तेव्हा मी सांगितलं की प्रत्येकाला दार लागेल असा एक कोपरा द्यावा लागेल. बाहेर जायचं म्हटलं तर सूट चढवायला इतका वेळ लागतो की तोवर राग उतरलेला असेल. सरांनी हात वर केला तेव्हा चौदा मिनिटं झाली होती आणि तापमान राहूनच गेलं होतं.

दहापैकी सहा मिळाले. पास. कागदावर लाल शाईने शेरा होता, 'विषय से भटक गई'. मला नाही वाटत मी भटकले. हे सरांना सांगावं म्हणून मी दोनदा स्टाफरूमच्या दारापर्यंत जाऊन आले आहे. दुसऱ्यांदा तर "सर" असंही म्हणाले.