बाटलीतलं विरजण

शुद्धलेखनाला कोणी हसू नये. मी चौथी पास आहे, आणि माझं अक्षर मास्तरांनाही माझ्याचकडून वाचून घ्यावं लागे.

आमच्या घरी रसायनाचा कारखाना होता. तो गोठ्यात होता.

माझे यजमान सणसरजवळच्या साखर कारखान्यात प्रयोगशाळेतल्या बाटल्या धूत. तिथल्या साहेबांनी सांगितलं, की शिळ्या भाकरी आणि सडके बटाटे शिजवून त्यात एका जातीचे जंतू सोडले तर आम्ल तयार होतं. कातडी कमावणारे ते विकत घेतात. झालं! हे तडक निरवांगीला माझ्या दादाकडे. दादाने जोडीतला एक बैल विकला, पैसे दिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "शांते, पैसं बुडालं तर दाजींस्नी न्हाय इचारायचो. तुलाच इचारीन."

पिंपं आली. घरोघर शिळ्या भाकरी मागायचं काम माझ्याकडे. मी लाजाळू, दारात उभी राहून पुटपुटायची, "भाकरी हाय का, शिळी?" बायका कळवळून म्हणत, "अगं बाई, हितवर आलं व्हय!" आणि ताजी भाकरी देत, वर पिठलं! (ते मात्र पिंपात गेलं नाही.)

साहेबांनी जंतूंची बाटली दिली. ह्यांनी ती गाडग्यातल्या पेजेत ओतली आणि गाडगं चुलीच्या उबेला ठेवलं. "आज्याबात सांडू नगं. इरजनच समज!" म्हणाले, आणि गिऱ्हाईक बघायला पुण्याला गेले.

तेवढ्यात शेजारच्या पारूकाकी वाटी घेऊन हजर. "इरजन हाय का गं?"

आमच्याकडे विरजणाला नाही म्हणत नाहीत. म्हटलं तर घरचं दुभतं आटतं. तरी मी धीर केला. "काकी, त्यात जंतू हायत."

"मग आमच्या दह्यात काय देव असत्यात? घाल!"

सासूबाई आतून ओरडल्या, "दे की! त्योच इरजन म्हणला न्हवं?"

सासूपुढे बोलायची माझी छाती नव्हती. दिलं. दुसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे काकींनी आपल्या दह्याचा चमचा परत आणला. सासूबाईंनी तो त्याच गाडग्यात घातला! मग साऱ्या आळीची ये-जा सुरू झाली. साहेबांचे जंतू आळीत नांदायला गेले, आणि आळीचं दही आमच्या गाडग्यात.

ह्यांनी परत येऊन ते पिंपांत ओतलं. पिंपं फुगली, झाकणं उडाली, म्हशीने दावं तोडलं! वास बाजारतळापर्यंत गेला. दारूबंदीचे दिवस, कोणीतरी कळवलं. हवालदार आला, बोट बुडवून चाटलं आणि उंबऱ्यावरच बसला.

"दारू असती तर धरलं असतं," तो कसाबसा म्हणाला. "ही गुन्ह्याच्याबी लायकीची न्हाय!"

साहेबांनी नाकाला रुमाल लावून निकाल दिला. भाकरी खाणारे जंतू वेगळे, दह्याचे वेगळे. आता पिंपात काय वाढलंय ते त्यांनाही माहीत नव्हतं. हे चारचौघांत म्हणाले, "चौथी शिकल्याली बायकू! दुसरं काय हुणार?" सासूबाईंनी मान डोलावली.

दादाने ती पेरणी उसन्या बैलावर केली. मला तो काही विचारायला आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

मी लोकांच्या उसात खुरपलं, गोवऱ्या विकल्या, गोधड्या शिवल्या. चार पैसे साठले, की बाजाराला जाणाऱ्या माणसाबरोबर निरवांगीला धाडायची. अशी वर्षं गेली. हे तेवढ्या वेळात नवा कारखाना काढायच्या विचारात होते.

शेवटची रक्कम न्यायला दादा आमच्या घरी आला. बाईमाणसाने व्यवहार करणं बरं दिसत नाही, म्हणून ह्यांनी पैसे माझ्या हातातून घेतले आणि दादाला दिले. दादा गहिवरला. "दाजी, शब्दाला जागलासा!" म्हणून त्याने ह्यांना फेटा बांधला.

मला फार बोलावंसं वाटलं. पण बोलणं मला जमत नाही. मी आत गेले आणि दोघांच्या चहात गूळ घातलाच नाही.

सारे पैसे फिटले, आणि दोघांनी चहा आणखी मागितला!